हंगाम मे महिन्यात, उद्योजकता जुलैत

कोकणातल्या महाविद्यालयांत उद्योजकतेची कार्यशाळा भरते ती बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. नवं सत्र सुरू झालेलं असतं, सभागृह मोकळं असतं, पाहुणे मिळतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि त्या पावसात विकत घेऊन प्रक्रिया करावी असा माल परिसरात जवळपास नसतो. काजू बी मेअखेर संपलेली, कोकमं पहिल्या पावसात गळून कुजलेली, हापूसच्या बागेत नवी पालवी. मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै बंदी. मग मुलं काय करतात? कागदावर 'ॲप' काढतात.

आणि जेव्हा माल असतो, म्हणजे मार्च ते मे, तेव्हा हीच मुलं परीक्षेला बसलेली असतात. मुंबई विद्यापीठाचं उन्हाळी सत्र काय किंवा इतर विद्यापीठांचं काय, वेळापत्रक आखताना काजूची बी कधी पडते हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. विचारायचं कारणही नव्हतं, कारण आजवर विद्यापीठाचं काम पदवी देणं एवढंच होतं. आता मात्र विद्यापीठं सांगतात की आम्ही उद्योजक घडवतो. तसं असेल तर हंगाम त्यांचाही प्रश्न झाला.

म्हणणं थोडक्यात असं. कोकणातल्या विद्यार्थ्याला उद्योजकता शिकवताना आपण कल्पनेला गुण देतो, आणि धंदा अडतो तो खरेदी, परवाना, टिकाऊपणा आणि वसुली या चार जागी. या चारही जागी विद्यापीठाला करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं नियमांत आधीच बसतं.

नियमांचंच आधी बघू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. केंद्राचं राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण २०१९ सालचं. त्यात संस्थेनं वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान १ टक्का रक्कम या कामासाठी ठेवावी, विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या जागी स्वतःचा उद्योग दाखवता यावा, कंपनी नोंदवताना संस्थेचा पत्ता वापरता यावा, उद्योगात गुंतलेल्याची हजेरी कमी भरली तरी परवानगीनं परीक्षेला बसता यावं, असं सगळं लिहिलेलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवी अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक आणले. ४ श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण म्हणजे १२० तास. काजूच्या शेडमध्ये खरेदीपासून डबा बंद होईपर्यंतचं एक आवर्तन बघायला १२० तास पुरतात.

म्हणजे तरतूद आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयातली नवोपक्रम परिषद वर्षभरात किती कार्यक्रम घेतले त्याचे फोटो चढवते, त्यावरून तारांकन (स्टार रेटिंग) मिळतं, आणि कार्यक्रम घेणं हेच काम होऊन बसतं. त्यात प्राध्यापकांचा दोष कमी आहे. मोजमाप ज्याचं होतं तेच माणूस करतो.

आणखी एक अडचण व्याख्येतच आहे. केंद्राच्या 'स्टार्टअप इंडिया' योजनेत मान्यता मिळवायला खाजगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी रचना लागते. एकल मालकीचा धंदा त्यात बसत नाही. देवगड, गुहागर किंवा वेंगुर्ल्याचा मुलगा जो धंदा पहिल्या वर्षी करू शकतो तो नेमका एकल मालकीचाच असतो, कारण कंपनी काढली की पहिल्या विक्रीआधीच सनदी लेखापालाची फी आणि दरवर्षीची विवरणपत्रं मागे लागतात. परिणामी महाविद्यालयाच्या अहवालात 'स्टार्टअप' म्हणून तो मोजला जात नाही. ज्याचं मोजमाप नाही त्याला मदतही मिळत नाही.

आता धंद्याकडे वळू. काजूचं उदाहरण घेतो, कारण त्यात शिकवण्यासारखं सगळं आहे आणि वर्गात त्यातलं काहीच येत नाही.

हिशेबापुरते आकडे धरू. बाजारभाव दरवर्षी हलतो, त्यामुळे दर आपापले घालावेत. १००० किलो ओली बी १२० रुपयांनी घेतली, म्हणजे १,२०,००० रुपये. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवली की वजन ९२० किलोवर येतं. गराचा उतारा २६ टक्के मिळाला तर २३९ किलो काजूगर. वाफवणं, थंड करणं, कटरवर फोडणं, बोरम्यात म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत सुकवणं, साल काढणं, प्रतवारी, पॅकिंग, सगळं मिळून २४,००० धरू. अख्खा गर ७० टक्के निघाला आणि ७५० नं गेला, पाकळी-तुकडा ३० टक्के आणि ६०० नं गेला, तर सरासरी ७०५ रुपये. विक्री १,६८,४९५. उरले सुमारे साडेचोवीस हजार.

आता उतारा २६ ऐवजी २३ टक्के धरा. गर २१२ किलो, विक्री १,४९,४६०, आणि शिल्लक साडेपाच हजारांच्या आत. त्यात अख्ख्याचं प्रमाण ७० वरून ५० टक्क्यांवर आलं, तर सरासरी दर ६७५ होतो आणि हिशेब ९०० रुपयांच्या तोट्यात जातो. अजून व्याज धरलेलंच नाही. १,२०,००० रुपये सहा महिने १२ टक्क्यांनी अडकले तर ७,२०० रुपये. म्हणजे सगळं नीट जमलं तरी हातात राहतात सतरा हजार, आणि ते चार मुलांत वाटायचे.

हा छोटा आकडा मुलांना पहिल्याच तासाला दाखवावा. सादरीकरणाच्या स्पर्धेत पाच वर्षांत पाच कोटींची उलाढाल दाखवणाऱ्या तक्त्यापेक्षा यात शिकण्यासारखं जास्त आहे. तीन टक्के उताऱ्यात एकोणीस हजार रुपये जातात, हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: बी घेतानाच उतारा ओळखायचा कसा?

त्याची रीत आहे. ढिगाच्या वरून, मधून, तळातून बी काढून एक किलोचा नमुना करायचा. किलोत बिया किती बसतात ते मोजायचं. सगळ्या फोडायच्या, चांगला गर वेगळा, काळपट, सुरकुतलेला, किडका, बुरशीचा वेगळा, आणि चांगल्याचं वजन घ्यायचं. मोठा खरेदीदार हे करतोच. खेड्यातला छोटा कारखानदार बरेचदा बी हातात घेऊन, वाजवून अंदाज बांधतो, आणि त्याचा अंदाज वीस वर्षांचा असतो. विद्यार्थ्याकडे वीस वर्षं नाहीत. त्याच्याकडे तराजू, कटर आणि वही असायला हवी. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग किलोभर बीत होतो. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ आणि गावठी बी शेजारी शेजारी फोडून बघितली तर जातीचा अर्थही पुस्तकाबाहेर कळतो.

तुकडा का पडतो हेही शिकवता येतं. वाफ कमी झाली तर टरफल नीट सुटत नाही, जास्त झाली तर गर पिवळट होतो. वाफवून लगेच फोडली तर गर मऊ असतो आणि पात्याला चिकटतो, म्हणून ती रात्रभर पसरून ठेवतात. बोरम्यात तापमान वाढवून घाई केली की साल सुटते, पण गर ठिसूळ होऊन सोलताना मोडतो. बी ओली साठवली तर पावसाळ्यात आतून डाग पडतात आणि माल खालच्या प्रतीत जातो. 'डब्ल्यू-३२०' म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, ही एक ओळ समजली तर व्यापाऱ्याशी बोलताना अर्धी लाज जाते. टरफलातल्या तेलानं कातडी सोलवटते; फोडणाऱ्या बायकांचे हात बघितले की हातमोजे हा उत्पादनखर्चाचा भाग का धरायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

काजूचा खरा पेच भांडवलाचा आहे. बी तीन महिन्यांत घ्यायची, फोडायची वर्षभर. ज्याच्याकडे एप्रिलमध्ये पैसा त्याचा कारखाना जानेवारीत चालू, बाकीचे दिवाळी येईपर्यंत बंद पडलेले. सरकारी योजना इथे पुरत नाहीत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची २०२० सालची केंद्राची योजना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान देते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. दोन्ही कर्जाशी जोडलेली आणि दोन्हींचा ओढा यंत्राकडे. त्यामुळे कटर येतो, बोरमा येतो, पाटी लागते, आणि बी घ्यायला पैसा नसतो. जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्यानं दिलेलं व्याख्यान योजनेच्या रकमेवर संपतं. खेळतं भांडवल किती लागेल, ते कुठून आणायचं, हे त्यात नसतं.

त्यात कोकणातला सातबारा. बँक बरेचदा तारण मागते, आणि जमिनीवर आजोबांपासूनची नावं. दोन काका मुंबईत, एक आत्या सुरतेला, एका चुलत भावाशी बोलणं बंद. संमतीपत्रावर सह्या गोळा करण्यात गणपती येतात आणि जातात. मुद्रा योजनेतलं कर्ज नियमानं विनातारण असतं, पण त्यातलं 'शिशु' कर्ज पन्नास हजारांपर्यंतचंच, आणि वर बघितलं त्याप्रमाणे १००० किलो बीलाच सव्वा लाख लागतो; त्यासाठी वरच्या 'किशोर' गटात जावं लागतं. जागेचंही तेच. सामाईक घराच्या पडवीत अन्नप्रक्रिया सुरू करायची तर परवाना त्या जागेच्या पत्त्यावर निघतो, आणि जागेचा हक्क दाखवणारा कागद नावावर नसतो. देशावरच्या कुठल्याही उद्योजकता पुस्तकात हा धडा नाही, कारण तिथला प्रश्न वेगळा.

म्हणूनच संस्थेचा पत्ता वापरू देण्याची २०१९ च्या धोरणातली ओळ कोकणात इतर ठिकाणांपेक्षा जास्त मोलाची आहे. पण नुसता पत्ता नको, पत्त्यामागे खोली हवी. दोनशे-तीनशे चौरस फुटांची, धुता येणाऱ्या भिंतींची, जाळ्या लावलेल्या खिडक्यांची, वजनकाटा, सीलिंग यंत्र आणि ड्रायर असलेली. अन्नसुरक्षा नोंदणी जागेला चिकटलेली असते. मुलांनी उत्पादन घरी केलं आणि लेबलवर महाविद्यालयाच्या जागेचा क्रमांक छापला तर तो सरळ गुन्हा होतो. हे माहीत नसल्यानं करणारी मुलं असतात, आणि प्रदर्शनात त्या बाटल्यांशेजारी उभं राहून मान्यवर फोटो काढतात.

लेबलवर थोडं थांबतो. पाऊचवर १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक, घटक, पोषणमूल्यं, शाकाहारी चिन्ह, तुकडी क्रमांक, कधीपर्यंत वापरावं, काजू असेल तर ॲलर्जीची सूचना. वैधमापनशास्त्राच्या (वजनमापांच्या) नियमांनुसार निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. छपाईवाला छापील पाऊच हजारांच्या संख्येखाली करत नाही. एक ओळ चुकली की सगळे पाऊच रद्दी. पहिल्या वर्षी साधा पाऊच आणि स्टिकर, हा सल्ला कुठल्याही मार्गदर्शकानं दिला पाहिजे. 'हापूस' लिहायचं तर आणखी काळजी: २०१८ पासून कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. वाणिज्य शाखेच्या मुलांना कंपनी कायदा शिकवतात. या एका लेबलवर एक आठवडा दिला तर कायदा डोक्यात जास्त राहील.

टिकाऊपणाची गोष्ट कोकमावरून चांगली समजते. सालं आणि साखर एकास दोन घेऊन थरावर थर लावून अमृत कोकम करणं कोकणात घरोघरी चालतं. घरची बरणी आईच्या नजरेखाली असते. जरा फसफसली की ती उकळते. दुकानातली बाटली ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तीन महिने उभी असते. फळांच्या सिरपसाठी विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के, म्हणजे ६५ ब्रिक्स लागतात, त्यामागे कारण आहे: त्याखाली यीस्टला पाणी मिळतं आणि झाकण फुगतं. 'कमी साखरेचं आरोग्यदायी सरबत' ही स्पर्धेत हमखास बक्षीस मिळवणारी कल्पना नेमकी इथे फसते. साखर कमी करायची तर परिरक्षक, गरम भरणी किंवा शीतसाखळी यांपैकी काहीतरी घ्यावं लागतं. परिरक्षकातही निवड आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं तर कोकमाचा लाल रंग उडतो, म्हणून ठरलेल्या मर्यादेत सोडियम बेन्झोएट. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि आंबटपणा मोजणारं पीएच मीटर रसायनशास्त्र विभागात बहुधा आधीच असतं. ते कपाटाबाहेर काढून कोकमाच्या मोसमात, म्हणजे मेच्या सुट्टीत, वापरायला प्रयोगशाळा सहायकाला कुणीतरी लेखी आदेश द्यायला हवा. गंमत अशी की अडतं ते तिथेच.

आंब्याबद्दल थोडक्यात. कॅनिंग हे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं काम नाही. बॉयलर, डबा सीलबंद करणारं सीमिंग यंत्र, तो निर्जंतुक करणारा रिटॉर्ट लागतो. ३.१ किलोचा डबा भरून घ्यायचा तर चालू कारखान्यात जॉब वर्क करावं. ताज्या आंब्यात मात्र शिकण्यासारखं आहे, विशेषतः वाशीच्या दलालाकडून येणारी पट्टी वाचायला शिकणं. आडत, हमाली, भाडं, तूट वजा जाऊन पेटीमागे काय उरलं, हे अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत विचारण्याजोगं आहे आणि विचारलं जात नाही.

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या बाबतीत बाकीच्यांच्या पुढे आहे, हे मान्य केलं पाहिजे. १९७२ सालच्या या विद्यापीठानं रत्ना, सिंधूसारखे आंबे दिले, काजूच्या जाती दिल्या, देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला दिला. पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलं एक सत्र गावात 'रावे', म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, करतात आणि अनुभवाधारित शिक्षणात प्रत्यक्ष उत्पादन करून विकतात. आंब्याच्या कोयकलमांचं काम तर पावसाळ्यालाच जुळतं. जूनमध्ये कोयी रुजत घालायच्या, कोंब दहा-पंधरा दिवसांचा झाला की तेवढ्याच जाडीची काडी बांधायची, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जोड धरतो. काडी जाड-बारीक झाली की साल जुळत नाही. पिशवीत पाणी साचलं की जोडाखाली कूज लागते. माल पुढच्या पावसाळ्यात विकला जातो. फळझाडांची कलमं विकायला राज्याच्या कायद्याखाली परवाना लागतो आणि मातृवृक्ष खात्रीचे हवेत, आणि या दोन्ही गोष्टी विद्यापीठाच्या हाताशी आहेत.

पण इथेही एक गाठ राहते. सत्र संपलं की उत्पादन थांबतं. नाव, ग्राहक, दुकानदाराची ओळख, सगळं त्या तुकडीबरोबर विरून जातं आणि पुढची तुकडी पुन्हा नवं लेबल काढते. पदवीनंतर वर्षभर तीच खोली, तीच नोंदणी भाड्यानं वापरू देण्याची सोय नसेल तर हा धंद्याचा सराव राहतो, धंदा होत नाही. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची आणि दापोलीची गाठ घालणं हे दुसरं काम. दोन्ही कोकणातच, पण एकाकडे यंत्र आणि दुसऱ्याकडे पीक. कटरचं पातं बीच्या आकाराप्रमाणे बसवणं, बोरम्यातली उष्णता सगळ्या ताटांत सारखी पोचवणं, टरफल जाळताना होणारा धूर कमी करणं, जून लागल्यावरही कोकमाची सालं वाळवता येतील असा ड्रायर. यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना विषयांची ददात पडायला नको.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. विद्यापीठानं काय किराणा दुकान चालवायचं? आमसुलं आणि काजूगर विकायला पदवी कशाला हवी? याहून टोकदार आक्षेप दुसरा आहे: हीच उत्पादनं गावोगावी महिला बचत गट करतात. विद्यापीठाच्या खोलीत, विद्यापीठाच्या पैशावर, मुलं तेच सरबत स्वस्तात विकू लागली तर मार खाणार कोण? ती बाईच.

दुसरा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि त्यातूनच पहिल्याचं उत्तर मिळतं. विद्यार्थ्यानं अकरावं कोकम सरबत काढू नये. खरेदी ते वसुली हे आवर्तन त्यानं एकदा पुरं करावं ते शिकण्यासाठी. पण पदवीधराचा धंदा बचत गटांना आणि बागायतदारांना जे जमत नाही त्यात असावा. पंधरा गटांच्या मालाचं ब्रिक्स-पीएच तपासून तुकडीनिहाय नोंद ठेवणारी सेवा. लेबल आणि परवान्याचं काम करून देणारं कार्यालय. काजूची बी फोडून उताऱ्याचा दाखला देणारा, जो विकणारा आणि घेणारा दोघांनाही मान्य असेल. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस साबुदाण्याच्या खळीनं निवळून, तुरटपणा काढून पुढच्या कारखान्याला देणारा. बोंडू एका दिवसात खराब होतो, म्हणून तर तो काजूच्या झाडाखाली कुजतो. पर्यटनातही हेच. आणखी एक न्याहारी निवास काढण्यापेक्षा, समुद्रकिनारा नियमनाच्या रेषेत कुठलं बांधकाम बसतं आणि कुठलं नाही हे नकाशावर दाखवून देणारा भूगोलाचा पदवीधर गावाला जास्त उपयोगी. या धंद्यांना पदवीतलं ज्ञान लागतं, आणि त्यात बचत गटाची बाई गिऱ्हाईक होते, प्रतिस्पर्धी नव्हे.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट खुली केली. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, औपचारिक पदवीची अट नाही, क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. ही भाषा कंपन्यांकडे बघून लिहिलेली आहे. पण वीस वर्षं काजू कारखाना चालवणारी बाई किंवा हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा माणूस आपल्या क्षेत्रात वरिष्ठच असतो. महाविद्यालयाच्या समितीला ते मान्य करायला जीभ जड होते, एवढंच. तसं नेमता येत नसेल तर तासिका तत्त्वावर सहा तास द्यावेत: दोन तास काजूवाल्याचे, एक छपाईवाल्याचा, एक बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याचा, आणि दोन अशा माणसाचे ज्याचा धंदा बुडाला. शेवटचे दोन मिळवणं अवघड, पण सगळ्यात कामाचे.

वेळापत्रक बदलायला विद्यापीठ कायदा बदलावा लागत नाही. पावसाळी सत्रात परवाना, लेबल, नमुना चाचणी, हिशेब, दुकानदारांशी बोलणी. उन्हाळी सत्राची अंतर्गत परीक्षा या गटांसाठी मार्चच्या मध्यापर्यंत उरकायची, आणि कार्यप्रशिक्षणाचे १२० तास मार्चअखेर ते मे या काळात, सुट्टीसह धरायचे. विक्री आणि वसुली पुढच्या पावसाळी सत्रात. म्हणजे एक आवर्तन तीन सत्रांत पसरतं आणि श्रेयांकही तसेच तीन तुकड्यांत द्यावे लागतात. स्वायत्त महाविद्यालयांना हे आपल्या अभ्यासमंडळात करता येतं. बाकीच्यांना मुंबईकडे बघावं लागतं, आणि रत्नागिरीहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं या जुन्या मागणीमागे निकाल आणि दाखल्यांची गैरसोय सांगितली जाते. हंगामाचं वेळापत्रक हे त्याहून भक्कम कारण ठरेल.

पैशाचा भाग सोपा करता येतो. एखाद्या महाविद्यालयाचं अंदाजपत्रक ५ कोटींचं असेल तर १ टक्का म्हणजे ५ लाख. ते पाहुण्यांच्या मानधनात, बॅनरमध्ये आणि चहापाण्यात संपवण्याऐवजी फिरता निधी करावा. चार गटांना प्रत्येकी सव्वा लाख, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बिनव्याजी. परतफेड दिवाळीनंतर, कारण गणपतीला चाकरमानी घरी येतात आणि जाताना माल घेऊन जातात, दिवाळीला भेटींची पाकिटं जातात. त्या दोन विक्रीत जे निघायचं ते निघतं. पैसे बीच्या खरेदीसाठीच द्यावेत, यंत्रासाठी नव्हे. यंत्र भाड्यानं मिळतं.

काही गट बुडतील. दादर-ठाण्याचा दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे 'विकलं की देतो' म्हणतो आणि दोन महिन्यांनी मऊ पडलेला खवट काजू परत करतो. उधारीवर दिलेला माल आणि विकलेला माल यांतला फरक इथे कळतो. गुण द्यायचे ते या नोंदींना: साठ्याची वही रोज लिहिली का, नमुना फोडून उतारा काढला का, खरेदीच्या पावत्या आहेत का, कुणाकडून किती येणं आहे याची यादी तारखेनिशी आहे का. तोटा आला पण वही खरी आहे, तर पूर्ण गुण. नफा आला पण हिशेब तोंडी, तर नापास. परीक्षक म्हणून प्राध्यापकाबरोबर एक कर सल्लागार बसवावा. वही बनावट असेल तर तो दुसऱ्या पानावर ओळखतो.

२०१९ च्या धोरणात संस्थेनं दिलेल्या मदतीच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के वाटा घेण्याची मुभा आहे. एकल मालकीच्या काजू धंद्यात घ्यायला भाग भांडवल नसतं, आणि सतरा हजारांचे साडेनऊ टक्के म्हणजे सोळाशे रुपये. त्यासाठी करारनामा करायचा तर स्टॅम्प पेपर आणि वकील महाग पडतील. संस्थेनं त्याऐवजी वहीची एक प्रत मागावी. कुठल्या गावची बी, किती उतारा, किती तुकडा, कुठल्या दुकानानं किती दिवसांनी पैसे दिले. तीन-चार हंगामांच्या अशा वह्या ग्रंथालयात एका कपाटात राहिल्या, तर पुढच्या एप्रिलमध्ये बीच्या ढिगासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला भाव करताना हातात काहीतरी असेल.